झाकण पडायच्या आधी

आमच्या खोऱ्यात काही वर्षं अशी गेली, की लग्नं माझे वडील लावायचे आणि ते स्वतः घरी बाजेवर पडून असायचे. जायचा तो त्यांचा आवाज. मेणकापडात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर डोक्यावर घेऊन कुणीतरी आमच्या कापड्याहून बांधाबांधाने निघायचं, नाहीतर एस.टी.त मांडीवर घेऊन आंबेनळी घाटाच्या अंगाला एखाद्या वाडीवर पोचायचं. तिथे बटण दाबलं की अण्णा वंदना म्हणायचे, मंडळी त्यांच्यामागून म्हणायची, नवरा-नवरी एकमेकांना हार घालायची, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांचा आवाज बुंदीच्या पुडीसकट घरी परत यायचा. आई ती पुडी त्यांच्या उशाशी ठेवून म्हणायची, "घ्या, तुमचा वाटा आला." आणि अण्णा म्हणायचे, "व्हय." तेवढंच म्हणायचे, कारण त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता.

अण्णा बौद्धाचार्य होते. म्हणजे पोट भरायला पोलादपूरला पंचायत समितीत शिपाई, आणि लग्नसराई आली, कुणाचं नामकरण निघालं, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असलं, की पांढरा सदरा-पायजमा घालून वंदना घेणारे. आमच्या वाड्यांवर हे काम करणारे आणखीही होते, पण आवाज अण्णांचाच. खालच्या पट्टीत सुरू व्हायचा आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही कळायचं की आता गप्प बसायचं. या कामात त्यांचा एक हट्ट होता, आणि त्यापायी त्यांनी निम्म्या खोऱ्याशी वाद घातले होते. लग्नाच्या दिवशी मांडवात बसण्याआधी ते मागीलदारी जायचे, पाण्याच्या हंड्यांपाशी नवरीला एकटीला बोलवायचे आणि विचारायचे, "बाय, तुझ्या मनात हाय काय?" पोरी अशा वेळी मोठ्याने बोलत नाहीत. म्हणून ते डावीकडे मान कलती करून कान तिच्या तोंडाजवळ न्यायचे आणि तसेच थांबायचे. ती काहीतरी पुटपुटली की मगच मांडवात यायचे. "पोरीला इचारल्याबिगर मी तोंड उघडत नाय," असं ते सोयरीक ठरवतानाच सांगून ठेवायचे. लोक हसून मान डोलवायचे. असेल एक रीत, असं त्यांना वाटायचं.

ती नुसती रीत नव्हती हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. मी लहान होते, त्यांच्याबरोबर बुंदीच्या आशेने गेले होते. घाटाकडच्या एका वाडीत अण्णा मागीलदारी गेले, मान कलती केली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मांडवात येऊन बसले ते तोंड मिटून. वरबापाने विचारलं, मुलीच्या मामाने विनवलं, एका तरण्याने शिव्या घातल्या. अण्णा मांडी घालून समोरच्या मेणबत्तीकडे बघत राहिले. भात गार झाला. शेवटी आम्ही दोघं उपाशी, शेतातून घरी आलो. वाटेत मी रडत होते, बुंदी हुकली म्हणून. अण्णा म्हणाले, "सुमे, मला म्हनायला काय जातंय? पाठ हाय सगळं. पन ती बया नाय म्हनली ना."

टेपरेकॉर्डर काकाने आणला. काका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, मुंबईला गोदीत होता, आणि दर मे महिन्यात यायचा तो काहीतरी नवलाई घेऊनच यायचा. त्याचा दादावर भारी जीव. मुंबईच्या खोलीत दादाचा आवाज असावा म्हणून त्याने एका दुपारी अण्णांना ओटीवर बसवलं, आम्हा सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि दोन बटणं एकदम दाबली. अण्णांनी वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. मध्येच, अगदी ऐन रंगात आलेली असताना, चुलीपाशी आईच्या हातून टोपावरचं झाकण निसटलं आणि गरगरत जाऊन उंबऱ्यावर आपटलं. अण्णा थांबले नाहीत. काका कपाळाला हात लावून बसला, पण दुसरी कॅसेट नव्हती. पुढे खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात ते झाकण पडलं. लोकांना ते इतकं सवयीचं झालं की ते पडलं की समजायचं, आता निम्मं झालं, हार हातात घ्या. त्या दुपारी काकाने कॅसेट परत लावली तेव्हा अण्णा स्वतःचाच आवाज ऐकत खाली मान घालून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "ब्येस हाय. पन पोरीला इचारनार कोन? ह्यो तुझा खोका?"

"त्याला कशाला इचारायला लावतोस दादा," काका हसत म्हणाला, "त्याला कान हायत का?"

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अण्णांना लकवा मारला. ऑफिसातून येऊन चपला काढत होते, ते तिथेच कलंडले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. महाडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून फक्त "व्हय" निघत होतं. भूक लागली? व्हय. भूक नाही? व्हय. पाणी देऊ की नको देऊ, दोन्हीला व्हय. आणि चमत्कार असा, की वंदनेचा पहिला शब्द कुणी म्हटला की पुढचं सगळं अण्णांच्या तोंडून घडाघडा, स्पष्ट, एक अक्षर न चुकता बाहेर यायचं. ते संपलं की पुन्हा व्हय. आईला वाटलं, बोलणं परत येतंय. डॉक्टरांनी तिला समजावलं, की बाई, घोकून पाठ झालेलं असतं ते मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते आपोआप येतं, त्यात समज असेलच असं नाही. आत किती समजतं ते आम्हाला नाही सांगता येत. आईने घरी येऊन मुंबईहून धावत आलेल्या काकाला हे सांगितलं आणि काका म्हणाला, "म्हंजे टेपसारकं." तो हे वाईट मनाने बोलला नव्हता. रडत बोलला होता. पण शब्द वाडीत फिरला. येणारे-जाणारे अण्णांना बघायला यायचे, पहिला शब्द म्हणायचे, अण्णा सुरू झाले की तोंडात पदर घालून ऐकायचे, आणि जाताना आईला म्हणायचे, आतला मानूस गेला गो, आवाज तेवढा राहिला. काकाने टेपरेकॉर्डर आणि कॅसेट आमच्याकडेच ठेवली, आणि लोक लग्नाला ती मागून न्यायला लागले.

मी तेव्हा महाडला मावशीकडे राहून अकरावीला होते. आई भातशेतीवर जायची, नाहीतर खाणार काय, म्हणून मला घरी बोलावून घेतलं. थोडे दिवस म्हणून आलेली मी तिथेच राहिले. एक खोली, एक बाज, एक खिडकी. खिडकीतून बांध दिसायचे आणि पलीकडे घाटाचा रस्ता. ट्रक चढणीला लागला की गिअर बदलल्याचा आवाज यायचा, आणि मी भांडी घासता घासता मनातल्या मनात त्याच्याबरोबर वर जायची. सकाळी अण्णांना पेज भरवायची, निम्मी उजव्या गालातून बाहेर यायची, ती पुसायची. दुपारी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी, भाकरी कुस्करून कुस्करून तिचं पीठ करून द्यायचं. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. पावसाळ्यात कपडे वाळायचे नाहीत, चुलीवर दोरी बांधून त्यांचे लेंगे वाळवायचे आणि सगळ्या घराला धुराचा आणि लघवीचा मिळून एक वास असायचा. ओल धरलेली पुस्तकं फळीवर होती. मला तिथून पळून जावंसं वाटायचं, हे लिहायला आता मला लाज वाटत नाही. सतरा-अठराव्या वर्षी कुणाला वाटणार नाही? बाजेवर ते अडकले होते आणि बाजेपाशी मी, आणि त्या दोघांत मला तरी उठून अंगणात जाता येत होतं.

पण त्या कोंडवाड्यातच मला एक गोष्ट कळली, जी डॉक्टरांना आणि वाडीला कळली नव्हती. एका दुपारी कंटाळून मी म्हटलं, "अण्णा, तुमी म्हैस हायत का?" ते म्हणाले, "व्हय." आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी चमकले. पुन्हा विचारलं, "आज आईनं चुलीवर बेडूक शिजवलाय ना?" "व्हय," आणि आता खांदाही हलायला लागला. मग आमचा तो खेळच झाला. मी जगातला वाटेल तो मूर्खपणा विचारायची, ते गंभीरपणे व्हय म्हणायचे आणि आम्ही दोघं हसून हसून थकायचो. जिभेवर व्हय असायचं, डोळ्यांत नाय असायचं. घरभर त्यांच्यासारखा शहाणा माणूस नव्हता आणि ते ठाऊक असणारी मी एकटी.

हल्ली माझी नात फोनशी बोलते आणि फोन तिच्याशी मराठीत बोलतो. कालपरवा तिने तो माझ्यापुढे धरला. "आजी, काहीपण विचार, त्याला सगळं समजतं." मास्तरकीत जन्म गेल्यामुळे सगळं समजतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नसतो. मी विचारलं, "तू म्हैस आहेस का?" फोन म्हणाला, "नाही, मी म्हैस नाही," आणि वर गमतीदार प्रश्न विचारल्याबद्दल माझं कौतुकही केलं. नात टाळ्या पिटत होती. मला मात्र भरून आलं. माझ्या बापाला जो शब्द म्हणता आला नाही, तो या काचेच्या तुकड्याने किती सहज म्हटला! त्याच्या आत कुणी आहे की नाही, हे मला माहीत नाही. नातीला मी तसं सांगितलं. पण तो नाही म्हणू शकला म्हणून आत कुणी आहे, हे मला पटत नाही, आणि अण्णा म्हणू शकले नाहीत म्हणून आत कुणी नव्हतं, असं म्हणणाऱ्या सगळ्यांवर माझा राग अजून आहे तसाच आहे.

तर, पुढच्या मे महिन्यात काका आला तो माझ्यासाठी स्थळ घेऊन आला. नाते गावचं घर, मुलगा मुंबईला कंपनीत, खोली स्वतःची, दारू नाही. "हिथं कुजत पडलीस पोरी," काका मला म्हणाला, "सुटशील." त्याला खरंच तसं वाटत होतं. मला सुटायचं होतं हेही खरं. पण मला महाडला जायचं होतं, अकरावी-बारावी करायची होती, शिक्षिका व्हायचं होतं. एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जायला मला सुटका म्हणता येत नव्हतं. आणि मी गेले की अण्णांना म्हैस हायत का म्हणून कोण विचारणार होतं? मग ते खरोखरच आवाज तेवढा राहिले असते.

काका बाजेवर बसला, दादाचा डावा हात हातात घेतला. "दादा, सुमीचं करतोय. पोरगा चांगला हाय. करू ना पक्कं?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

काकाने डोळे पुसले. आईने हात जोडले. "काका, ते सगळ्यालाच व्हय म्हनतात," मी म्हटलं.

"असं कसं? बापाला कळतं गो."

"मग इचारून बघ. तुमी म्हैस हायत का, इचार."

"सुमे!" आई ओरडली.

पण काका चिडला होता, की दादाची अशी थट्टा! त्याने माझ्याकडे बघतच विचारलं, "दादा, तू म्हैस हायस?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नाला ते हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. त्यांना दुसरा शब्द पाहिजे होता आणि तो येत नव्हता. खूप वेळाने, कुणीतरी आतून ढकलल्यासारखा तोच बाहेर पडला. "व्हय."

मला वाटलं, आता सुटले. काकाने दादाच्या कपाळावरचा घाम पुसला. मग दादाचा हात हळूच खाली ठेवून म्हणाला, "खरं हाय तुजं. ह्याला काय समजत नाय. उगा इचारून त्याला तरास. आता मोठा मीच. मी ठरवतो." बघा, कसं झालं ते. व्हय खरं धरलं तर लग्न ठरत होतं, आणि खोटं धरलं तर अण्णाच नव्हते म्हणून ठरत होतं. मी काकाला खेळाचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, खांदा कसा हलतो ते सांगितलं. तो मायेने म्हणाला, "लेकराला वाटतंच तसं." आईला सांगितलं तर ती भाताच्या मळणीसारखी स्वतःलाच झोडपत राहिली, "मला काय कळतं? मला काय इचारता?" त्या आठवड्यात मी कुणाशी बोलले नाही. अण्णांशीही खेळले नाही. ते माझ्याकडे बघायचे आणि मी भिंतीकडे.

साखरपुड्याच्या सकाळी आईने आणि मी अण्णांना अंघोळ घातली, तोच पांढरा सदरा घातला, त्यांची बाज ओटीवर आणली. नाते गावाहून मंडळी आली. मुलाचे वडील अण्णांना ओळखत होते, त्यांच्या थोरल्याचं लग्न अण्णांनीच लावलं होतं, तेव्हा ते पाया पडले. टेबलावर दोन फोटो, मेणबत्त्या, चाफ्याची फुलं. काकाची इच्छा होती की वंदना दादाच्याच तोंडून व्हावी. पाठ आहे, पहिला शब्द दिला की येतंच. मला मागीलदाराशी हंड्यांपाशी बसवलं होतं. तिथून दारातून बाज सरळ दिसत होती.

काकाने पहिला शब्द म्हटला. सगळ्यांनी हात जोडले. अण्णा गप्प. काकाने पुन्हा म्हटला. अण्णांनी उशीवरच डोकं वळवलं, दारातून मला शोधलं, आणि त्यांची मान हळूहळू डावीकडे कलती झाली, अगदी तशीच, कान पुढे करून, आणि ते तसेच थांबले. मांडवातल्या कितीतरी पोरींसाठी ते असे थांबले होते. मी मान हलवली. नाही. त्यांनी मान सरळ केली, समोरच्या मेणबत्तीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"दमलेत," मुलाचे वडील म्हणाले. "कॅसेट हाय ना? ती लावा. आवाज त्यांचाच हाय." बरं झालं असं सगळ्यांनाच वाटलं. बाजेच्या डाव्या अंगाला स्टूल ठेवून काकाने टेपरेकॉर्डर मांडला आणि बटण दाबलं. धडधाकट अण्णांचा आवाज ओटीभर पसरला. लोकांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. आवाज चढत गेला. आता झाकण पडणार, हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. एका बाईने तर हाताने पुढच्या बाईला खूण केली.

खट्.

झाकण पडलंच नाही. लोकांनी डोळे उघडले. "सेल गेले जनू," कुणीतरी म्हणालं. काका वाकला आणि तसाच राहिला, कारण बटणावर अण्णांचा डावा हात होता. त्याने तो हात अलगद उचलून बाजेवर ठेवला, पुन्हा बटण दाबलं. अर्धा शब्द आला आणि पुन्हा खट्. या वेळी अण्णांनी हात तिथून काढला नाही. बोटं बटण सोडत नव्हती.

"सेल नाय गेले," आई म्हणाली. ती चुलीपाशी उभी होती, आणि इतक्या माणसांत ती बोलल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "ते नको म्हनतायत."

काका दादाच्या पायाशी खाली बसला. मग काका उठला, ओटीवरून आत, मागीलदारी आला. त्याचं तोंड ओलं होतं. त्याला दादासारखी मान कलती करता येईना, म्हणून तो माझ्यापुढे उकिडवाच बसला. "दादा इचारायचा, ते माज्याकडनं ऱ्हायलं," तो म्हणाला. "बाय, तुझ्या मनात हाय काय?"

"नाय," मी म्हटलं. पुटपुटले नाही. ओटीपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

बाजेवरून अण्णा म्हणाले, "व्हय."